नुसती टेकली, एवढेच!

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला समुद्र आणि मध्ये माडांची एक चिंचोळी पट्टी. पट्टी संपते तेथे समोर भोगव्याचा डोंगर दिसतो आणि मध्ये वाहत असते ते पाणी रोज सारखे नसते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. पर्यटकांची झुंबड उडालेली. सुनामी बेट म्हणून जो वाळूचा उंचवटा अलीकडे फार प्रसिद्धीस आला आहे, त्याला वळसा घालून आमची बोट परत फिरत होती. बोटीत आम्ही अकरा जण. अचानक मागून 'खर्र' असा आवाज आला. बोट क्षणभर अडखळली, इंजिन किंचित वर उचलल्यासारखे झाले, पुन्हा खाली बसले आणि बोट पुढे निघालीसुद्धा. सगळे मिळून दोन सेकंदांचा मामला. एका बाईंच्या हातातले शहाळे तेवढे सांडले.

सुकाणूवर वीस-बावीस वर्षांचा मुलगा होता. आमचे चेहरे पाहून तो हसला आणि म्हणाला, "काय एक जावक नाय. वाळू ती, खडप न्हय."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. वाळूच होती. परंतु किनाऱ्यावर त्याचा बाप उभा होता. आयुष्यभर मच्छीमारी केलेला, आता पर्यटकांच्या बोटी सांभाळणारा तांडेल. बोट धक्क्याला लागायच्या आधीच त्याने विचारले, "खंय लागली?" लांबून त्याला टेकल्याचे दिसले असणे शक्य नव्हते. पुढे मला कळले, की येणाऱ्या इंजिनाचा सूर त्याला नेहमीपेक्षा निराळा लागला होता. मुलाने पुन्हा तेच उत्तर दिले. तांडेल म्हणाला, "इंजिन वर घे. फुडली फेरी दुसऱ्याक दी."

"बाबा, लोकां उभी आसत."

"उभी रवांदेत."

मी तेथेच थांबलो. पर्यटकाला दुसरे काम काय असते? पण त्यानंतरच्या तीन दिवसांत एका लहानशा खरचटण्यामागे केवढे शास्त्र आणि केवढा हिशेब असतो हे पाहायला मिळाले. ते सांगण्यासारखे आहे.

सुरुवात अर्थात पाण्यापासून. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट. त्या दिवशी द्वादशी होती. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे नऊच्या सुमारास भरती आणि सव्वातीनच्या आसपास पूर्ण ओहोटी. आम्ही टेकलो अडीच वाजता. हा हिशेब घड्याळाच्या काट्याइतका अचूक नव्हे; आणि मुलाच्या मोबाइलवर तर मिनिटामिनिटाचे कोष्टक होते. पण पाणी किती वाजता उतरते हे कळणे वेगळे आणि वाळू कोठे आहे हे कळणे वेगळे. नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे प्रत्येक पावसाळ्यात जागा बदलतात. गणपतीत ज्या वाटेने बोट बिनधास्त नेली, त्या वाटेवर नाताळात गुडघाभर पाणी असू शकते. मालवणात त्याच्या उलट. तेथे सिंधुदुर्गाभोवती खडपे आहेत आणि ती तीनशे वर्षांत हललेली नाहीत. १६६४ साली शिवाजी महाराजांनी किल्ल्यासाठी कुरटे बेट निवडले, त्यात या खडपांचा वाटा मोठा होता. वाट ठाऊक असलेल्याची होडी आत येई, परक्याचे गलबत फुटे. खडप निष्ठुर असते, पण विश्वासू. वाळू मऊ असते, म्हणूनच तिच्याबाबत माणूस गाफील राहतो.

आता बोटीच्या मागे टांगलेल्या त्या यंत्राकडे वळू. आउटबोर्ड इंजिन ही चीज शंभरेक वर्षांपूर्वीची. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ओल एव्हिनरूड या नॉर्वेजियन कारागिराने १९०९ साली ती धंद्याच्या स्वरूपात बाजारात आणली. प्रेयसीसाठी तळ्यापलीकडून वल्ही मारत आइस्क्रीम आणताना ते वितळले, म्हणून त्याला इंजिन सुचले, अशी आख्यायिका सांगतात. खरे-खोटे तो जाणे. त्याच्या आधीही एक-दोघांनी प्रयत्न केले होतेच. पण मूळ रचना आजही तीच आहे. वर इंजिन, तेथून खाली उतरणारा उभा दांडा, तळाशी गिअर आणि तेथून मागे निघालेल्या आडव्या दांड्यावर पंखा. उभे फिरणे आडवे करण्याचे काम ते गिअर करतात. हे सारे मुठीएवढ्या जागेत, ॲल्युमिनियमच्या एका कवचात, तेलात बुडालेले. आणि हेच कवच बोटीचा सर्वांत खोल गेलेला भाग असते. म्हणजे जे सर्वांत नाजूक, तेच सर्वांत आधी जमिनीला लागणार.

बनवणाऱ्यांना हे ठाऊक असते. म्हणून त्यांनी काही गोष्टी मुद्दाम आधी मोडाव्यात अशा केल्या आहेत. पंख्याच्या खाली माशाच्या परासारखे एक पाते असते. पंख्याआधी मार खायचा तो त्याने. इंजिन पुढे जाताना आदळले तर बिजागरीवर वर उचलले जाते. (मागे जाताना बहुधा नाही. तेव्हा ते आकड्यात अडकवलेले असते.) लहान इंजिनांत पंखा एका मऊ पिनेवर बसवलेला असतो, झटका बसला की पिन तुटते आणि गिअर वाचतात. घरातल्या फ्यूजसारखाच प्रकार. मोठ्या इंजिनांत पिनेच्या जागी पंख्याच्या आत रबराची बुश असते, झटका ती पचवते. पंखाही ॲल्युमिनियमचा असला तर वाकतो, आणि तो वाकावा अशीच अपेक्षा असते. आपल्याकडे मात्र पंखा वाकू नये म्हणून स्टेनलेस स्टीलचा बसवण्याची हौस वाढली आहे. तो दिसतो छान, चालतोही छान. पण तो स्वतः वाकत नाही, तेव्हा धक्क्याचा बराचसा भार आतल्या बुशीवर आणि तिच्याही पलीकडे दांड्यावर आणि गिअरवर जातो. तांडेलाच्या बोटीला ॲल्युमिनियमचा पंखा होता. "वाकलो तर दिसता तरी," एवढेच तो म्हणाला.

त्याची तपासणी पाहण्यासारखी होती. आधी त्याने मुलाला इंजिन सुरू करायला लावले आणि मागच्या बारीक भोकातून पडणारी पाण्याची धार पाहिली. आउटबोर्ड इंजिन समुद्राचेच पाणी खेचून स्वतःला गार ठेवते. खालच्या कवचावर जाळी असते, आत रबराची लहान पंखी. वाळूत टेकलेली बोट बहुतेक लोक काय करून सोडवतात? रिव्हर्स टाकतात. मग पंखा वाळू घुसळतो, ती जाळीतून आत जाते, रबरी पंखी खरवडून निघते किंवा वाट बुजते. धार आटली आणि इंजिन चालूच राहिले, तर थोड्याच वेळात ते तापून धरते. खरा उपाय सोपा आणि कमीपणा वाटावा असा: इंजिन बंद, वर उचलायचे, दोघांनी पाण्यात उतरून बोट ढकलायची. आमच्या मुलाने रिव्हर्स टाकला नव्हता. बोट आपोआप निसटली होती. धार ठणठणीत होती. मुलाने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले.

मग इंजिन बंद झाले. सुकाणूजवळची लाल वेटोळी दोरी काढून तांडेलाने खिशात घातली. ती दोरी असल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. पंख्याला हात लावण्याआधी ती आपल्या खिशात हवी, हा त्याचा नियम. बोट उथळ पाण्यात आणून, इंजिन वर करून तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला. खालच्या पात्याचे टोक घासून चकाकत होते, रंग गेला होता. नुसता रंग गेला तरी खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम खायला लागते. पण तो नंतरचा प्रश्न. त्याने पात्याच्या मुळाशी, कवचाला ते जेथे जुळते तेथे, नखाने चाचपले. चीर पडते ती तेथे. मग बोटीच्या मागच्या फळीवरचे बोल्ट, त्यांच्याभोवतीचे फायबर. इंजिन दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिले. कुरकुर नाही.

पंख्याच्या एका पात्याला किंचित खरका लागला होता. तेवढ्याने काही बिघडत नाही, कानशीने घासून टाकायचा. पण पाते वाकले आहे की नाही हे नजरेला कळत नाही. त्यासाठी त्याने माडाच्या झाडूची एक हीर तोडली. पंख्याच्या वरच्या बाजूला जी आडवी पट्टी असते, तिला ती चिकटपट्टीने अशी बांधली, की हिरेचे टोक पात्याच्या कडेला जेमतेम टेकावे. मग हाताने पंखा सावकाश फिरवला. तिन्ही पाती हिरेजवळून सारख्याच अंतरावरून गेली. पाव मिलिमीटरचा फरक असता तरी डोळ्यांना दिसला असता. कारखान्यात याच कामासाठी डायल गेज वापरतात. हीर फुकट मिळते.

मग पंखा काढला. नट, पिन, वॉशर, सगळे मुलाच्या टोपीत. पंख्याच्या आतली रबरी बुश आणि बाहेरचे कडे यांवर आडवी रेघ मारून ठेवण्याची एक युक्ती आहे. रबर सुटले की जोर लावल्यावर आतले फिरते आणि बाहेरचे मागे राहते. रेघ तुटलेली दिसते. अशा वेळी धक्क्यावर सगळे ठीक वाटते, बोट सावकाश जातेही. माणसे भरून ओहोटीविरुद्ध नेऊ लागले, की इंजिन बोंबलते आणि बोट जागच्या जागी. त्या पंख्यावर रेघ नव्हती. कोणीच मारली नव्हती. मुलगा काही बोलला नाही.

उघड्या दांड्याच्या टोकाशी पुन्हा तीच हीर. दांडा फिरवला. टोक डोलले नाही. दांडा केसाएवढा जरी वाकला असता, तरी मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांत तो डोल ऑइल सीलला खात राहिला असता आणि आठवड्या-पंधरवड्यात पाणी गिअरमध्ये शिरले असते. खरचटण्याचा सर्वांत फसवा भाग हाच. दुखापत आज, आजारपण पुढच्या अमावास्येला. तोवर 'टेकली होती' हे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

एवढे सगळे होईतो साडेपाच वाजले होते. धक्क्यावरच्या दुसऱ्या बोटींच्या चार-चार फेऱ्या झाल्या होत्या. मुलाने पंखा उचलला आणि बसवायला निघाला. तेवढ्यात तांडेलाने दांड्याच्या मुळाशी, जेथे वॉशर बसतो त्याच्या मागे, बोट घातले आणि काहीतरी खेचले. तंगूस. मासेमारीचा नायलॉनचा पारदर्शक धागा, केसांच्या गुंत्यासारखा गच्च गुंडाळलेला. हातभर निघाला, मग आणखी हातभर. तो आजचा नव्हता. त्यावर शेवाळ होते.

येथे एक सांगायला हवे. आपल्याकडे बोटींचे सर्वेक्षण होते, परवाने असतात, महाराष्ट्र सागरी मंडळ १९९६ पासून आहे, लाइफ जॅकेटची सक्ती आहे. पण सर्वेक्षण ठरलेल्या मुदतीने येते आणि वाळू रोज. दोन सर्वेक्षणांमधल्या काळात बोट कितीदा टेकली याची नोंद कोणत्याही वहीत नसते. लहान विमानाचा पंखा जमिनीला नुसता लागला तरी इंजिन उघडून तपासावे, असे इंजिन बनवणाऱ्यांचेच बजावणे असते. बोटीच्या बाबतीत असली सवय आपल्या अंगवळणी पडलेली नाही. मोठा अपघात झाला की चौकशी होते. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी अरबी समुद्रातील शिवस्मारकाच्या कार्यक्रमासाठी निघालेली एक स्पीडबोट मुंबईजवळ खडकावर आदळून बुडाली आणि एकाचा जीव गेला, तेव्हा वर्तमानपत्रांचे रकाने भरले. ते योग्यच होते. पण ज्या बोटी आदळत नाहीत, नुसत्या टेकतात आणि पुढे निघतात, त्यांची बातमी होत नाही. त्यातली एखादी पंधरा दिवसांनी संगमावर बंद पडते, तेव्हा बातमीत 'तांत्रिक बिघाड' असे दोन शब्द येतात. आणि संगमावर बंद पडणे म्हणजे काय, हे ज्याने तेथली ओहोटी पाहिली आहे त्यालाच कळेल. नदीचे पाणी आणि उतरती ओहोटी मिळून बोट बाहेर ओढतात, बाहेरून लाटा आत येत असतात, आणि दोन्हींची गाठ वाळूच्या दांड्यावर पडते. तेथे इंजिन नसलेली बोट आडवी होते. पुढचे सांगायला नको.

ट्रॉलरवाल्यांचे प्रकरण निराळे. त्यांचे इंजिन बोटीच्या आत, दांडा तळातून बाहेर गेलेला. बोट टेकली की ते आधी आत उतरून ग्लँड पाहतात. दांडा जेथून बाहेर जातो तेथे दोरीची पॅकिंग असते. तिथून थेंब-थेंब पाणी यावे, ते चांगले लक्षण. थेंबाची धार झाली किंवा ग्लँड हाताला चटका देऊ लागली, तर दांडा सरळ नाही. मग भरतीला बोट पुळणीवर चढवायची, टेकू द्यायचे आणि ओहोटीने पाणी ओसरले की खाली वाकून पंखा, दांडा, सुकाणू पाहायचे. सुक्या गोदीचे काम येथे चंद्र करतो.

आमच्या तांडेलानेही तेच केले. रात्री साडेनऊच्या भरतीला चार माणसांनी बोट वर ओढली, इंजिनाखाली वाळूत खड्डा काढला आणि इंजिन उभे ठेवले. रात्रभर तसेच. याचे कारण असे, की तेलात पाणी शिरले असेल तर चालू इंजिनात ते घुसळून एकजीव होते. रात्रभर स्थिर राहिले की पाणी जड म्हणून तळाशी बसते. सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, खालचा स्क्रू उघडायचा.

साडेसहाला मी किनाऱ्यावर पोचलो तेव्हा बाप-लेक दोघेही उकिडवे बसले होते. मुलाने रात्रीच दुसऱ्या दिवसाच्या सहा फेऱ्यांचे पैसे आगाऊ घेतले होते, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून नव्हे, चहाच्या टपरीवर कळले. तांडेलाने खाली पांढरी प्लॅस्टिकची वाटी धरली आणि स्क्रू सोडला. आधी तीन-चार थेंब पडले. नितळ पाणी. मग तेल आले. तेल मधासारखे असायला हवे होते. ते दुधाच्या चहासारखे होते. त्याने ते अंगठा आणि तर्जनीत चोळून उन्हाकडे धरले. चकाकणारी कणी सापडली नाही. "गिअर बरे आसत," तो म्हणाला. सील गेले होते.

मुलगा उठला आणि फोन घेऊन माडांत गेला. सहा फेऱ्यांचे पैसे परत करायचे होते.

मालवणहून मिस्त्री आला तो दुपारी. कवच खाली उतरवून घेऊन गेला. सील नवे, वॉशर नवे. मग आत पंपाने थोडा हवेचा दाब देऊन सगळीकडे साबणाचे पाणी लावले. बुडबुडा कोठे आला नाही. नवे तेल खालच्या भोकातून चढवले. वरून ओतले तर आत हवा अडकते, म्हणून खालून भरत जायचे आणि वरच्या भोकातून बाहेर आले की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा. मी त्याला विचारले, की ही बोट तशीच चालवली असती तर कधी थांबली असती? उद्या? महिन्याने? तो प्रामाणिक माणूस होता. म्हणाला, "कधी थांबला असता ता देवाक म्हायत."

आणि दांडा सरळ होता. गिअर शाबूत होते. सील कापले होते ते तंगुसाने, तेही कदाचित दिवाळीच्या आसपास कधीतरी. वाळूत टेकण्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. मिस्त्रीने हे सांगितले तेव्हा मुलाचा इतका वेळ दाबून ठेवलेला राग उसळून वर आला.

"मी सांगी होतंय ना, टेकल्यान काय जावक नाय म्हणान!"

"होय," तांडेल म्हणाला. "नायच जावक."

त्याने एवढ्या सहजपणे ते मान्य केले, की मुलाला पुढे काय बोलावे ते सुचेना. म्हातारा कानस घेऊन पंख्याच्या पात्यावरचा तो खरका घासत बसला होता. नाताळचे दोन दिवस बुडाले होते आणि ते त्यालाही ठाऊक होते. शेजारच्या एका बोटवाल्याने जाता-जाता टोमणा मारला, की वाळूला एवढे घाबरायचे तर एसटी चालवावी. त्यावर म्हातारा नुसता हसला.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला बोट पाण्यात गेली. माझी मुंबईची गाडी दुपारची होती, म्हणून मी धक्क्यावर गेलो. पंखा बसवून झाला होता. मुलगा पाण्यात उभा राहून पांढऱ्या ऑइलपेंटने काहीतरी करत होता. वाकून पाहिले तर पंख्याच्या बुशीवरून कड्यावर त्याने बोटभर लांबीची एक आडवी रेघ ओढली होती. फार सरळ नव्हती. मग त्याने हात पुसले, लाल दोरी बापाकडे मागितली, आणि बापाने ती खिशातून काढून दिली. पहिल्या फेरीला आठ जण होते. म्हातारा धक्क्याच्या टोकाला उभा राहून इंजिनातून पडणाऱ्या पाण्याच्या धारेकडे पाहत होता. बोट वळली, धार दिसेनाशी झाली, तरी तो तेथेच उभा होता. मान थोडी कलती, कान संगमाकडे.